कॉलनीच्या हॉलमध्ये लहान-मोठ्या सगळ्यांसाठी काही चालवायचंय? देणगीचा पैसा असा उभा करा

सुदामा नगर म्हणा, लोकमान्य नगर म्हणा, आपल्या इंदूरात शोधलं तर हॉल मिळून जातो. सकाळी ज्येष्ठांचा व्यायाम, दुपारी शिवणक्लास, संध्याकाळी मुलांची अभ्यासिका, एकाच जागेत सगळं बसतं. अडतं ते महिन्याच्या खर्चावर.

१. आधी तो खर्चच कागदावर काढा. देणगी म्हटली की लोक पंखे, कूलर, खुर्च्या देतात कारण त्यावर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ असं लिहिता येतं, पण कुलूप उघडणारा माणूस, झाडू-पोछावाली बाई, लाइट बिल याला कोणी नाव देत नाही आणि सेंटर बंद पडतं ते इथेच. समजा महिन्याला १८ हजार लागतात, तर ६० घरांकडून ३००-३०० यूपीआय ऑटोपेवर घ्या. एका शेठजींच्या लाखापेक्षा मला हे बरं वाटतं, शेठजींचा मूड गेला की संपलं ना!

२. संस्था रजिस्टर करा, मध्यप्रदेशात त्यासाठी १९७३ चा सोसायटी कायदा आहे. पॅन आणि बँक खातं संस्थेच्याच नावाचं हवं, खजिनदाराच्या नाही.

३. मग इन्कम टॅक्सचं १२ए (संस्थेच्या उत्पन्नावर करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात सूट). नव्या संस्थेला आधी ३ वर्षांचं प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं मिळतं. सेंटर एकाच जातीसाठी किंवा धर्मासाठी असेल तर ८०जी मिळत नाही, म्हणून संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) 'सर्वांसाठी खुलं' हे स्पष्ट लिहा. देणगीदाराला आधीच सांगून टाका की २ हजारांच्या वर कॅश दिली तर सूट नाही आणि इन्कम टॅक्सची न्यू रेजिम (नवी करपद्धत) घेतली असेल तर या देणगीवर सूट मिळतच नाही, नाहीतर मार्चमध्ये फोन सुरू होतात.

४. गणपतीची वर्गणी आणि सेंटरचा पैसा एका खात्यात नको. अहिल्याबाईंनी दानधर्म केला तो खासगीच्या, म्हणजे होळकरांच्या घरच्या पैशातून, राज्याच्या तिजोरीतून नाही, आणि आपण इंदूरकर असून मंडपाचं बिल अभ्यासिकेच्या पैशातून भरतो! बरं, १२ए घेतलं की वर्षाच्या उत्पन्नातले साधारण ८५ टक्के कामावर खर्च व्हावे लागतात, तेव्हा नुसतं एफडीत टाकून बसू नका.

५. मोठी रक्कम हवी असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा. ५ कोटींच्या वर नफा असलेल्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, ज्येष्ठांचं डे-केअर आणि मुलांचं शिक्षण दोन्ही त्यात बसतं, आणि आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदाच म्हणतो, म्हणजे इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कंपन्यांकडे जायला हरकत नाही. फक्त सीएसआर-१ नंबर (असा पैसा घेण्यासाठी संस्थेची सरकारी नोंदणी) आणि ३ वर्षांचं काम दाखवावं लागतं, तोवर फोटो, हजेरी, ऑडिट सांभाळून ठेवा. अर्जात 'समाजसेवा' असं मोघम लिहू नका, सकाळी किती आजी-आजोबा येतात, संध्याकाळी किती पोरं, ते लिहा.

६. कोणाचा तरी भाचा अमेरिकेत असतोच आणि तो डॉलर पाठवायला तयार असतो. त्याला आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले असतील तर बँकेतून घेता येतात, पण अमेरिकन झाला असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असलं तरी, एफसीआरए परवानगी (परदेशी देणगी घेण्याची सरकारी परवानगी) आणि दिल्लीच्या स्टेट बँक मेन ब्रांचमधलं वेगळं खातं लागतं. ते होईपर्यंत एक डॉलरही घेऊ नका.