नाम ओठांवरून हृदयात कसं उतरतं

देव आत आहे हे पटायला वेळ लागत नाही. पण डोळे मिटून आत पाहायला गेलं की दिसतात उद्याची कामं आणि कालचं भांडण. या गर्दीतून वाट काढायला वारकऱ्यांनी 'रामकृष्णहरी' धरलं, शिखांनी 'वाहेगुरू', सूफींनी जिक्र, म्हणजे अल्लाहच्या नावाचा जप. ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या ऑर्थोडॉक्स साधूंनी एकच ओळ धरली: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' या परंपरांची श्रद्धा एकच आहे असं म्हणू नये. प्रत्येकीला आपला देव आणि आपली शिस्त आहे. पण नाम आत उतरण्याची वाट मात्र सगळीकडे ओळखीची वाटते: आधी ओठ, मग मन, मग हृदय.

पहिलं काम नाम ठरवायचं. घरात, देवळात, चर्चमध्ये किंवा गुरुद्वारात लहानपणापासून कानावर पडलेलं नाम सगळ्यात बरं, कारण ते आधीच अर्ध्या वाटेवर आलेलं असतं. एकदा ठरलं की निदान सहा महिने बदलू नका. आठवड्याला नवं नाम घेणारा माणूस दहा ठिकाणी दोन-दोन हात खणतो, पाणी कुठेच लागत नाही.

वेळ पहाटेची. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो, शिखांची अमृतवेळाही रात्रीच्या शेवटच्या प्रहरातली. ते जमत नसेल तर रोजची एकच वेळ धरा. पहाटेपेक्षा नेम मोठा. पाठ सरळ, बसायला घोंगडी किंवा खुर्ची, पोट रिकामं.

माळ १०८ मण्यांची, शिवाय मेरुमणी. मणी मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. तसबीहचे, म्हणजे मुसलमानांच्या जपमाळेचे, ३३ किंवा ९९ मणी असतात. आथोसच्या साधूंच्या हातात काळ्या लोकरीचा गाठींचा गोफ असतो, बहुधा १०० गाठींचा; लोकरीची गाठ बोटाखालून सरकताना आवाजसुद्धा होत नाही. माळ बोटांना काम देते, म्हणून मन मोकळं राहतं. मोजणं हाच हेतू झाला की मात्र वेग वाढतो आणि नामाची अक्षरं गळायला लागतात. 'रामकृष्णहरी' धावत म्हणून 'राम्कृष्णरी' झालं, की तिथेच थांबा आणि माळ पहिल्यापासून घ्या.

पहिले दोन-तीन महिने नाम ऐकू येईल असं म्हणा, स्वतःच्या कानांपुरतं. ही वैखरी. एका माळेला साधारण पाच-सहा मिनिटं लागतात. रोज तीन माळा पुरे. घाईने मनात म्हणायला जाऊ नका. नवख्याचा मनातला जप दोन मिनिटांत दिवास्वप्न होतो आणि त्याला ते कळतही नाही. काही आठवड्यांनी ओठ आपोआप मंदावतात, जीभ हलते पण आवाज येत नाही. तेव्हाच मनात न्यायचं.

मग श्वास. 'वाहे' आत येताना, 'गुरू' बाहेर जाताना. येशूच्या ओळीचाही पूर्वार्ध आत, उत्तरार्ध बाहेर. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो. दिवसाचे २१,६०० हा जुन्या ग्रंथांतला आकडा त्याच हिशोबाचा. श्वास आहे तसा राहू द्या आणि नामाला त्यावर बसवा. श्वास ओढून नामाला जुळवलात तर बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. तो देवाचा अनुभव नाही, जास्त श्वास घेतल्याचा परिणाम आहे. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. श्वास कोंडणं, सूफींचे डोक्याचे झटके किंवा हृदयावर आघात करणारा जिक्र या गोष्टी जाणत्या गुरूच्या, मुर्शिदाच्या नजरेखालीच.

हृदयात उतरणं ही सगळ्यात नाजूक पायरी. छातीच्या मध्यावर किंचित डावीकडे लक्ष ठेवून नाम तिथून येतंय असं ऐका. ढकलू नका. ढकललं की छाती जड होते. भुवयांमध्ये जोर लावला तर डोकं दुखतं. तसं झालं तर आठवडाभर पुन्हा मोठ्याने म्हणण्यावर या. यात कमीपणा काहीच नाही, चांगले साधक अनेकदा मागे येतात.

प्रकाश दिसेल, नाद ऐकू येईल, कधी डोळे भरून येतील. आथोसचे साधू याबाबत फार कडक: दिसलं तरी त्याच्यामागे जाऊ नका, नामाकडे परत या. सूफी आणि वारकरी परंपरेतले जाणतेही तेच सांगतात. झोप उडाली, भीती वाटू लागली किंवा कोणी आज्ञा देतंय असं ऐकू येऊ लागलं, तर जप थांबवून डॉक्टरांना दाखवा.

कोरडे दिवस येतीलच, कधी महिनेच्या महिने. तेव्हा माळा वाढवू नका आणि कमीही करू नका. नाम आत रुजतंय की नाही हे बसल्या जागी कळत नाही. भाजी चिरताना, बसची वाट पाहताना, कुणी अपमान केल्यावर पहिल्या क्षणाला आत काय उमटतं ते पाहा.