सिसिलीतल्या चेफालूमध्ये आठवडाभराची बीच सुट्टी कशी प्लॅन करायची

ज्यांना भूमध्य समुद्राच्या काठी एकाच गावात आठवडाभर निवांत राहायचंय त्यांच्यासाठी हे आहे. दहा दिवसात सहा देश वाल्यांनी वाचणं इथेच थांबवलं तरी चालेल. एक गाव, एक खोली, रोज बॅग भरायची नाही, कंटाळा आला तर ट्रेनने शेजारच्या गावी जाऊन संध्याकाळी परत, एवढाच प्लॅन आहे आणि माझ्या मते बीचच्या सुट्टीला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही.

गाव म्हणून मी चेफालू सुचवेन. इटलीच्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, बेटाची राजधानी पालेर्मोपासून ट्रेनने साधारण तासाभरावर, वस्ती जेमतेम चौदा हजारांची. जुनं गाव संपतं तिथेच वाळूचा बीच सुरू होतो, डोक्यावर २७० मीटर उंचीचा ला रोक्का नावाचा खडक, आणि स्टेशन चालत दहा मिनिटांवर. सगळे ताओरमिना ताओरमिना करतात, सिसिलीतलंच ते गाव सुंदर आहेच, पण गाव डोंगरावर आणि बीच खाली, म्हणजे रोज रोपवे नाहीतर बसची रांग, आणि हॉटेलं महाग. लहान मुलं किंवा आई-बाबा सोबत असतील तर चेफालू डोळे झाकून.

आधी तारखा ठरवा

सगळं गणित इथे आहे. आपल्याकडे मुलांची सुट्टी मे महिन्यात, पण तिथलं पाणी मेमध्ये अजून गार असतं, साधारण १८-१९ डिग्री, कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेला माणूस गुडघाभर पाण्यात जाऊन ओरडत परत येतो. मेमध्ये फिरायला मजा आहे, डुंबायला नाही. जूनचा दुसरा पंधरवडा चांगला. जुलै-ऑगस्ट म्हणजे गर्दी, ऊन आणि चढे भाव, त्यातही १५ ऑगस्टला फेरागोस्तो ही देशभरची सुट्टी असते, त्या आठवड्यात अख्खा इटली समुद्रावर आलेला असतो, तेव्हा अजिबात नको. अपवाद एकच, ६ ऑगस्टला गावचा सान साल्वातोरेचा उत्सव असतो, त्यात पाण्यावर आडवा लावलेला ओंडका साबण-चरबी लावून निसरडा करतात आणि पोरं त्याच्यावरून धावत टोकाचा झेंडा काढायला जातात, बहुतेक जण धपाधप पाण्यात पडतात. ते बघायचंच असेल तर खोली फार आधी घ्या.

सगळ्यात बेस्ट सप्टेंबर. पाणी अजून २५ डिग्रीच्या आसपास, इटालियन मुलं महिन्याच्या मध्यापर्यंत शाळेत परत गेलेली, भाव उतरलेले. दिवाळीच्या सुट्टीत जायचा मोह होतो पण तोपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो आणि बीचवरच्या खुर्च्या-छत्र्या बहुतेक आवरलेल्या असतात.

व्हिसा

इटलीला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण १५ दिवसांच्या भरवशावर कुणी राहू नये कारण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. सप्टेंबरला जायचं तर मे-जूनमध्ये फाइल टाकून मोकळे व्हा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा हवा. पासपोर्ट तुम्ही परत येण्याच्या तारखेनंतर अजून तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला आणि दहा वर्षांपेक्षा जुना नसलेला.

बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजा मंजूर असल्याचं पत्र, हॉटेल बुकिंग, विमानाचं रिझर्व्हेशन हे सगळं लागतंच. पण कव्हरिंग लेटर मनापासून लिहा, एका पानात, कुठल्या तारखेला कुठे आणि खर्च कोण करणार, बस. आठवडाभर एकाच गावात राहणार असं लिहिलं की फाइलही सुटसुटीत होते, कारण मुक्कामाची जागा एकच. विमान आणि हॉटेल शक्यतो रद्द करता येईल असंच घ्या, व्हिसा हातात येईपर्यंत पैसे अडकवू नका.

पोचायचं कसं

मुंबईहून पालेर्मोला थेट विमान नाही. रोम किंवा मिलानला उतरून पुढे तास-दीड तासाचं विमान घ्यायचं. इथे लोक एक चूक हमखास करतात, रोमपर्यंतचं तिकीट एका कंपनीचं आणि पुढचं स्वस्त एअरलाइनचं वेगळं. स्वस्तवाल्यांचं बॅगेचं वजन वेगळं, पैसे वेगळे, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमची कुणी नाही. त्यात आता शेंगेनमध्ये शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांग वाढते. दोन वेगळी तिकिटं असतील तर मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा, नाहीतर रोमला एक रात्र मुक्काम करा.

कातानियाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून लगेच उडी मारू नका, तेही सिसिलीतच आहे पण बेटाच्या दुसऱ्या बाजूला, तिथून चेफालूला यायला अर्धा दिवस जातो.

आणि वेळ असेल तर रोमहून रात्रीची ट्रेन घ्या. ही ट्रेन इटली आणि सिसिलीच्या मधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी डबे सुटे करून चक्क बोटीच्या पोटात चढवतात, तुम्ही डब्यातून उतरून डेकवर जाऊन उभे राहू शकता, पलीकडे पोचल्यावर डबे परत जोडतात आणि गाडी पुढे निघते. पालेर्मोच्या वाटेवर चेफालूला थांबते. बारा-एक तास लागतात, पण घरातल्या मुलांना विचाराल तर अख्ख्या ट्रिपमध्ये हेच लक्षात राहतं.

पालेर्मो विमानतळावरून आधी पालेर्मो सेंत्राले स्टेशन, तिथून चेफालू. लोकल ट्रेनचं तिकीट सहा-सात युरोच्या आसपास. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, मोबाइलवरचं असेल तर चेक-इनचं बटण दाबायचं. तिकीट असूनही हे केलं नाही तर टीसी दंड लावू शकतो.

बाय द वे, सिसिली म्हटलं की घरी पहिला प्रश्न माफियाचा येतो. ज्या विमानतळावर उतरता त्याचं नावच फाल्कोने-बोर्सेलिनो आहे, माफियाविरुद्ध खटले लढवणारे हे दोन न्यायाधीश १९९२ मध्ये दोन वेगळ्या बॉम्बस्फोटांत मारले गेले. पण टुरिस्टला त्रास माफियाचा नाही, पालेर्मोच्या बाजारातल्या पाकीटमारांचा. बॅग पुढे घ्या.

खोली

दोन पर्याय. जुन्या गावात, म्हणजे कोर्सो रुजेरो या मुख्य रस्त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत, किंवा समुद्राकाठच्या रस्त्यावर नव्या भागात. जुनं गाव दिसायला जबरदस्त, पण लिफ्ट नाही, जिने अरुंद, दगडी फरशीवर चाकाची बॅग ओढून हात दुखतो आणि खाली रेस्टॉरंट असेल तर रात्री बारापर्यंत आवाज. वयस्कर माणसं असतील तर नव्या भागातच घ्या. अपार्टमेंट घेताना जाहिरातीत सीआयएन नावाचा नोंदणी क्रमांक आहे का बघा, २०२५ पासून तो बंधनकारक आहे, नसेल तर सोडून द्या. एसी आहे ना हे पण वाचा, गृहीत धरू नका. सिटी टॅक्स माणशी दर रात्री वेगळा द्यावा लागतो.

एक चांगली बातमी, जेट स्प्रे नसला तरी बाथरूममध्ये बिडे, म्हणजे धुवायचं बुटकं बेसिन असतं, इटलीत १९७५ पासून घरांमध्ये ते असणं नियमानेच आहे. युरोपात फिरलेल्यांना याची किंमत कळेल.

बीचवर

बीचचे दोन भाग असतात. लिदो म्हणजे पैसे भरून खुर्ची-छत्री, सीझनला दोन खुर्च्या आणि छत्रीचे दिवसाला २५-३० युरो सहज, पुढच्या रांगेला जास्त. आणि स्पियाज्जा लिबेरा म्हणजे फुकट, आपला टॉवेल आपली छत्री. फुकट भागात नऊच्या आत पोचलात तर मस्त जागा मिळते, अकराला गेलात तर पाण्यापर्यंत टॉवेलांमधून वाट काढत जावं लागतं. गावातल्या दुकानात साधी छत्री विकत घ्या, दोन दिवसात पैसे वसूल. मात्र लिदोसमोरचा पाण्यालगतचा पट्टा सगळ्यांना चालायला मोकळा असतो, तिथून कुणी हटकलं तर घाबरायचं कारण नाही.

कोकणात आपण भरती-ओहोटी विचारून पाण्यात उतरतो, इथे तो प्रश्न जवळजवळ नाहीच, पाणी वीत-दीड वीत वरखाली होतं तेवढंच. बघायचा तो झेंडा. लाल असेल तर उतरायचं नाही, वायव्येचा वारा सुटला की शांत समुद्र अर्ध्या दिवसात खवळतो. वाळूवर फिरणाऱ्या विक्रेत्यांकडून ब्रँडेड नावाची नकली पर्स घेऊ नका, दंड घेणाऱ्यालाही होतो. आणि ओल्या कॉस्च्युमवर गावात फिरू नका, इटलीतल्या बऱ्याच बीचगावांत त्यालाही दंड आहे.

दुपारी एक ते चार ऊन भयंकर असतं, तेव्हा सरळ झोपा. दुकानंही तेव्हा बंदच असतात.

खाणं, खास करून व्हेजवाल्यांसाठी

सिसिलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. पास्ता आल्ला नोर्मा म्हणजे वांगं, टोमॅटो आणि वरून खारं रिकोटा चीज. कापोनाता म्हणजे वांग्याचीच आंबटगोड भाजी. पानेल्ले हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या, पावात घालून देतात, आपल्या भज्यांची लांबची मावसबहीणच. पण सापळे आहेत. आरान्चिना आल बुर्रो, म्हणजे भाताचा तळलेला गोळा, नावात फक्त लोणी, आत मात्र हॅम असतं. पालकवाली मागा. स्फिंचोने नावाचा जाड पिझ्झा दिसायला टोमॅटो-कांद्याचा, त्यात मासा असतो. म्हणून 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', मांस नको मासा नको, दोन्ही सांगा, नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर मासा चालेल असं धरून चालणारे भेटतात. परमेजानो चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं दूध गोठवणारं द्रव्य असतं, कडक पाळणाऱ्यांनी तेही नको म्हणावं. जैन जेवण अवघड आहे, स्वयंपाकघरवाली खोलीच घ्या.

सकाळी नाश्त्याला बदामाची ग्रानिता, म्हणजे बर्फाळ सरबतासारखी, आणि ब्रियोश नावाचा मऊ गोडसर पाव, ब्रियोशमध्ये अंडं असतं. संध्याकाळी साडेसातच्या आधी जेवायला बसलात तर किचन बंद असतं. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील, ती फसवणूक नाही, टेबलाचा चार्ज आहे. कार्ड मशीनने रुपयात पैसे घेऊ का विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा, रुपयात घेतलं की रेट वाईट लागतो.

पाण्यात कंटाळा आला की

ला रोक्का सकाळी उघडल्या उघडल्या चढा, बूट घालून, पाणी घेऊन. चपलेवर जाऊ नका. वाटेत दिआना या रोमन देवीच्या नावाचं जुनं मंदिर लागतं, वरून गावाची लाल कौलं आणि चर्चचे दोन मनोरे. ते चर्च ११३१ मध्ये राजा रॉजर दुसरा याने सुरू केलं, वादळातून वाचलो तर बांधीन असा नवस होता अशी दंतकथा आहे, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आतलं सोनेरी मोझेइक बघताना ख्रिस्ताच्या हातातल्या पुस्तकाकडे बघा, एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी जवळ ठेवा.

परत येताना जुना धोबीघाट बघा, पायऱ्या उतरून खाली गेलं की सिंहाच्या तोंडातून नदीचं गार पाणी दगडी कुंड्यांत पडत असतं, कपडे घासायचे उतरते दगड अजून तसेच आहेत. एक दिवस पालेर्मो, एक दिवस बसने डोंगरातलं कास्तेलबुओनो. याच्यापेक्षा जास्त दिवस बाहेर काढू नका.

परतीचा दिवस

संप. इटलीत ट्रेनचे संप आधी जाहीर होतात, 'शोपेरो' असा शब्द स्टेशनवर दिसला तर तारीख बघून घ्या. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात, विमान दुपारचं असेल तर सकाळचीच पकडा. संप रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी आला तर या वेळा लागू नसतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी पालेर्मोला जाऊन स्टेशनजवळ खोली घ्या.