एनपीटेलचा कोर्स ‘जॉईन’ केलात, पण परीक्षेला नाव आहे का?

सातारा-सांगलीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ऑनर्ससाठी, इलेक्टिव्हसाठी, नाहीतर अडकलेल्या क्रेडिटसाठी एनपीटेलचा कोर्स आता बहुतेकांच्या वाट्याला येतो. स्वयम् म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, आणि एनपीटेल म्हणजे त्यावर आयआयटींचे कोर्स चालवणारा उपक्रम. आता सरळ घोळांवर येऊ.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा घोळ म्हणजे दोन नोंदण्या. ‘जॉईन’चं बटण दाबलं की व्हिडिओ दिसतात, असाइनमेंट उघडतात, मार्क दिसतात, दर आठवड्याला मेल येतात. हे सगळं फुकट असतं. म्हणून वाटतं की आपण कोर्सला बसलो. बसलेलो नसतो! परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची लिंक वेगळी, फी वेगळी (एका कोर्सला १,००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी, पण दाखला अपलोड करावा लागतो) आणि मुदतही वेगळी. ही मुदत परीक्षेच्या तोंडावर नसते, कोर्स अर्ध्यात असतानाच संपते. जुलैच्या सत्रात ती साधारण ऑगस्टमध्ये येते, म्हणजे नेमकी गणपतीची वर्गणी आणि पहिली इंटर्नल यांच्या गर्दीत. बारा आठवड्यांच्या बाराही असाइनमेंटला शंभरपैकी शंभर असले तरी फॉर्म नसेल तर हॉलतिकीट नाही. हॉलतिकीट नाही तर सर्टिफिकेट नाही आणि क्रेडिटही नाही. आणि त्या आठवड्यात कुणी तुम्हाला हाक मारून सांगणार नाही, कारण डॅशबोर्डवर सगळं नेहमीसारखंच चालू दिसतं.

या घोळाला एक पोटघोळ आहे: मेल आयडी. कोर्सला ज्या मेलने जॉईन झालात, त्याच मेलने परीक्षेचा फॉर्म भरायचा. कोर्स घरच्या जीमेलवर आणि फॉर्म कॉलेजच्या मेलवर असला, की असाइनमेंटचे मार्क एकीकडे आणि परीक्षा दुसरीकडे. ई-सेवा केंद्रात जाऊन फॉर्म भरून घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहा. तिथला पोरगा घाईत स्वतःचा मेल, स्वतःचा मोबाईल नंबर टाकून मोकळा होतो आणि पुढचे सगळे मेल त्याच्याकडे जातात. फॉर्म स्वतः भरा, वीस मिनिटांचं काम आहे. नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळवून टाका. सर्टिफिकेटवर तेच छापून येतं. पैसे खात्यातून गेले म्हणजे फॉर्म पूर्ण झाला असंही नाही. पुन्हा लॉगिन करून पैसे भरल्याची नोंद तिथे दिसते का ते बघा आणि पावतीची पीडीएफ मोबाईलमध्ये नाही, मेलवर ठेवा. मोबाईल फुटतात.

एवढं पार पडलं की निम्मी धास्ती संपली. खरंच. अभ्यास त्या मानाने सोपा आहे.

आता मार्कांचं गणित. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सला ६ आणि चार आठवड्यांच्या कोर्सला ३. पास व्हायला दोन अटी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या पाळाव्या लागतात: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. एकूण बेरजेवर पास करत नाहीत.

उदाहरण करूनच बघा. कुणाच्या सर्वोत्तम आठ असाइनमेंट ९०, ८५, ८०, ८०, ७५, ७०, ७० आणि ५०. बेरीज ६००, सरासरी ७५, म्हणजे २५ पैकी १८.७५. परीक्षेत शंभरपैकी ३८ पडले, त्याचे ७५ पैकी २८.५. एकूण ४७.२५, तरी नापास! परीक्षेत ४० पडले असते तर सुटला असता. उलट बाजूने बघू. पहिल्या तीन असाइनमेंट उत्साहाने केल्या, तिन्हीला शंभर, नंतर सोडून दिल्या. ३०० भागिले ८ म्हणजे ३७.५, आणि २५ पैकी ९.३७. परीक्षेत अव्वल आलात तरी सर्टिफिकेट नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ३२० हा आकडा लिहून ठेवा. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठांची बेरीज ८०० पैकी किमान ३२० लागते. प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सना सूत्र वेगळं असतं, ते कोर्सच्या पानावर दिलेलं असतं. आणि स्वयम् वरचे दुसऱ्या संस्थांचे, एनटीए (राष्ट्रीय परीक्षा यंत्रणा) परीक्षा घेतं ते कोर्स ३०-७० वर चालतात. तिथे हा हिशोब लावू नका.

असाइनमेंटची मुदत बहुतेक वेळा बुधवारी रात्री ११:५९. आता पाटण, शिराळा, महाबळेश्वर या पट्ट्यात राहणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टचा बुधवार डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी झड लागते, डीपी जाते, वायरमन सकाळीच येणार आणि टॉवरची बॅटरी दोन तासांत बसते. त्यामुळे बुधवार हा दिवसच कॅलेंडरमधून काढून टाका, तुमची मुदत सोमवारी संध्याकाळी. मुदतीपर्यंत कितीही वेळा सबमिट करता येतं आणि शेवटचं सबमिशन धरतात. म्हणून रविवारी जसं जमेल तसं एकदा सबमिट करून टाकायचं, मग निवांत दुरुस्त करायचं. पण दुरुस्त केल्यावर पुन्हा सबमिट दाबलं नाही तर दुरुस्ती गेली. दाबल्यावर पानावर शेवटच्या सबमिशनची तारीख आणि वेळ उमटते. ती ओळ दिसेपर्यंत ब्राउझर बंद करायचा नाही, आणि तिचा स्क्रीनशॉट काढायचा.

नेटपॅकची फार चिंता करू नका. बारा आठवड्यांच्या कोर्सला आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ असतात. ३६० पीवर तासाला तीनशे एमबीच्या आसपास धरा, म्हणजे आठवड्याला पाऊण जीबी. रेंज असेल तिथे, कॉलेजच्या लायब्ररीत किंवा रूमवर, आठवड्याचे सगळे एकदम उतरवून घ्या आणि गावी जाताना एसटीत बघा. फक्त फळ्यावर समीकरणं लिहिणारे सर असतील तर ४८० लागतंच, नाहीतर पॉवरचा (घातांकाचा) आकडा दिसत नाही. व्हिडिओसोबत लेक्चरचं लिखित रूपही मिळतं, आणि बऱ्याच कोर्सचं मराठी भाषांतरही एनपीटेलवर आहे. ते वापरायला लाजायचं कारण नाही. मराठीत एकदा समजलेलं इंग्रजीत ओळखू येतं, आणि परीक्षेत बहुतेक वेळा पर्यायच ओळखायचे असतात.

टेलिग्रामच्या उत्तरांबद्दल माझं मत कडक आहे. बुधवारी रात्री नऊला ग्रुपवर ‘१-अ, २-क, ३-अ ड’ अशी यादी पडते. त्यात दोन-तीन चुका हमखास असतात, आणि पूर्ण वर्ग त्याच चुका करतो. पण खरा तोटा तो नव्हे. असाइनमेंटच्या प्रश्नांची जात परीक्षेत पुन्हा भेटते, आणि तिथे सेंटरवर संगणकासमोर तीन तास एकट्याने बसायचं असतं. यादीवरून २५ पैकी २३ मिळवलेला मुलगा ३०च्या अटीला अडकतो, तो असा. मुदत संपल्यावर कोर्सवाले स्वतःच उत्तरं टाकतात. ती गुरुवारी उघडून आपली चूक वहीत उतरवायला अर्धा तास लागतो. शेवटच्या पंधरवड्यात ती वहीच वाचायची असते.

कॉलेजमधल्या ज्या सरांचं नाव मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून लागतं, त्यांच्याकडून विषय शिकायची अपेक्षा ठेवू नका. चांगला मेंटॉर कोण? जो फॉर्मच्या मुदतीच्या आठ दिवस आधी वर्गात येऊन पावत्या बघायला मागतो. विषयाच्या शंका कोर्सच्या फोरमवर इंग्रजीतच विचारा, व्याकरण चुकलं तरी चालतं. आयआयटीतले टीए, म्हणजे सरांचे शिकवणीतले मदतनीस, उत्तर देतात, आणि तुम्ही कुठल्या तालुक्यातून विचारताय याचं त्यांना काही नसतं.

एका सत्रात एकच कोर्स घ्या. पहिलाच असेल तर शक्यतो आठ आठवड्यांचा. मात्र आठ आठवड्यांना २ क्रेडिट आणि बारा आठवड्यांना ३ धरतात, तेव्हा कॉलेजला किती हवेत ते आधी विचारा. विचारताना कोर्सचं नाव सांगू नका, कोड दाखवा. एकाच नावाचे दोन कोर्स दोन आयआयटींचे असतात, आणि तुमच्या विभागाने त्यातला एकच मान्य केलेला असतो. मान्यता एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीने कागदावर घ्या.

परीक्षेचं शहर फॉर्ममध्येच निवडायचं असतं. तिथे अंतर बघू नका, पहिली गाडी किती वाजता आहे ते बघा. सकाळचं सत्र ९ ला सुरू होतं आणि त्याच्या बऱ्याच आधी हजर व्हावं लागतं. जतहून किंवा पाटणहून निघणाऱ्याला ते त्याच दिवशी जमत नाही. सत्र निवडायला मिळालं तर दुपारी २ चं घ्या, नाहीतर आदल्या रात्री मित्राच्या रूमवर जा. हॉलतिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र लागतं. आधारची झेरॉक्स चालत नाही, मोबाईलमधला फोटो तर नाहीच.

निकालानंतर सर्टिफिकेट ऑनलाइनच मिळतं. ते कॉलेजकडे आपोआप पोचलं असेल असं समजू नका. डाउनलोड करा, प्रिंट काढा, एचओडींच्या मान्यतेचा कागद त्याला जोडा, परीक्षा विभागाच्या खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या.