सुभग पक्ष्याचे फोटो काढायला जाताय? आधी हे बघून घ्या

बॅटरी, पाणी, टोपी हे सांगायला नको. कॅमेऱ्यात कार्ड आहे का ते मात्र झाकण उघडून डोळ्यानं बघा. मागच्या वेळी माझं कार्ड घरी रीडरमध्येच राहिलं आणि मी वनविहारात खटाखट शटर मारत बसलो, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्ड नसलं तरी शटर पडतं. मेनूत ते बंद करायची सेटिंग असते, आजच शोधा. आणि जास्तीचं कार्ड पैशाच्या पाकिटात ठेवा, बॅगेत नको, बॅगा बदलतात.

सुभग चिमणीएवढा, पिवळा-हिरवा, पंखावर पांढरे पट्टे, आणि सगळा वेळ पानांत किडे-अळ्या शोधत फिरतो म्हणून नुसतं बघत बसून सापडत नाही, आधी शीळ ऐकायची मग दुर्बीण लावायची. पाऊस सुरू झाला की जावा, विणीचा हंगाम असतो, नराचं डोकं-पाठ काळी झालेली असते आणि तो वर उडून पिसं फुलवून लोकरीच्या गोळ्यासारखा गिरक्या घेत खाली येतो. त्यासाठी शटर १/१६०० सेकंद तरी ठेवा. फोकस एकाच पॉइंटवर, नाहीतर कॅमेरा पुढचं पान पकडतो. मागं आभाळ असलं तर एक्सपोजर एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा, कडक उन्हात पिवळा रंग जळतो, पिसांचा तपशील उडतो, तेव्हा कमी करा. कार्ड बघितलं का?

जागा म्हणाल तर सोलापुरात विजापूर रोडचं सिद्धेश्वर वनविहार, सकाळी लवकर. नान्नजच्या माळढोक अभयारण्याला वनखात्याची परवानगी लागते आणि ते मुळात गवताळ माळरान, सुभगसाठी तिकडं कशाला. फुल पँट आणि बूट घाला, पावसाळा सरत आला की मोज्यातली कुसळं काढण्यातच सकाळ जाते.

मोबाईलवर आवाज वाजवून बोलवू नका बे, विणीत तर अजिबात नाही, नर बिचारा नसलेल्या नराशी भांडत बसतो. घरटं म्हणजे फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेली इवलीशी वाटी, दिसलं की मागं फिरा. फांद्या बाजूला करून फोटो काढणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही.

डब्याला कडक भाकरी, शेंगाचटणी. कचरा परत आणा. घरी आलं की फोटो कॉपी, ईबर्डवर (पक्षी नोंदवायची वेबसाइट) दिसलेल्या पक्ष्यांची यादी, बॅटरी चार्जिंगला, आणि कार्ड रीडरमधनं काढून लगेच कॅमेऱ्यात, चहा नंतर.