हात घालण्याआधी तारीख विचारा: पशुप्रजनन शिकायला येणाऱ्यांसाठी

पशुवैद्यकीच्या पदवीत प्रजनन आणि प्रसूतिशास्त्र येईपर्यंत सुरुवातीला शिकलेली शरीररचना धूसर झालेली असते. मग मुलं पुन्हा आकृत्या काढायला बसतात: अंडाशय, अंडवाहिनी, गर्भाशयाची दोन शिंगं, गर्भाशयमुख, योनिमार्ग. आकृती सुबक येते, तोंडी परीक्षेत मार्कही पडतात, आणि गोठ्यात गाईच्या गुदाशयात पहिल्यांदा हात गेला की यातलं काहीच सापडत नाही. माण-खटावच्या भागात गाई-म्हशींचं प्रजनन हेच माझं रोजचं काम. इंटर्नशिपला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, की आकृतीवर तारीख नसते. गाईचं अंडाशय मात्र सोमवारी जसं लागलं तसं शुक्रवारी लागत नाही. म्हणून हात घालण्याआधी मालकाला तीन गोष्टी विचारायच्या. शेवटचा माज कधी दिसला, भरली कधी (म्हणजे वळू दाखवला किंवा कृत्रिम रेतन केलं), व्यायली कधी. उत्तरं वहीत लिहायची आणि मग हातमोजा चढवायचा.

सुरुवात अर्थात मेलेल्या अवयवांवरूनच होते. आपल्याकडे कॉलेजात कत्तलखान्यातून येणारे अवयव बहुतेक म्हशीचे असतात, कारण महाराष्ट्रात गोवंश हत्येला बंदी आहे. त्यामुळे एक फरक आधीच मनात ठेवा. म्हशीचं अंडाशय गाईपेक्षा लहान, गर्भाशयमुख बारीक आणि जास्त वळणाचं, आणि पीतपिंड, म्हणजे बीज सुटलेल्या जागी तयार होणारी गाठ, अंडाशयात खोल रुतलेला, रंगाने करडा-गुलाबी. गाईत तोच पिंड पिवळा-नारिंगी असतो आणि पुष्कळदा बाहेर टोकासारखा उठून येतो, म्हणून बोटाला पटकन कळतो. ट्रेमधल्या अवयवांवर शिकताना डोळे मिटून शिका. मुख कुठे संपतं, शिंगं कुठून फुटतात, अंडाशय कोणत्या बाजूला लोंबतं, हे बोटांना पाठ झालं पाहिजे. मग सुरीने उभा छेद द्या आणि मुखातल्या कड्या मोजा. तीन किंवा चार निघतील. वीर्य आत सोडायची रेतनाची गन अडते ती याच कड्यांवर, आणि ते एकदा डोळ्यांनी बघितलं की गोठ्यात जोर लावावासा वाटत नाही.

जिवंत गाईत हात घातल्यावर घाई करू नका. नखं कापलेली, मोज्यावर भरपूर वंगण, शेण काढून झालेलं. आतडं आकसलं की हात तिथेच सैल सोडून थांबायचं, लाट जाऊ द्यायची. लाटेशी झगडलं तर गुदाशयाचं अस्तर सोलतं आणि मोज्यावर रक्त दिसतं. सगळ्यात आधी गर्भाशयमुख शोधा, कारण या सगळ्या मऊ गोतावळ्यात तोच एक घट्ट, कुर्च्यासारखा लागणारा भाग आहे, साधारण ८ ते १० सेंटीमीटर लांब. तो ओटीपोटाच्या तळावर मिळतो. तिथून पुढे सरकलं की गर्भाशयाचं अंग, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचं, आणि मग मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली दोन शिंगं. अंडाशयं त्यांच्या टोकांजवळ. मुख हातात असेपर्यंत तुम्ही हरवलेले नसता. ते सुटलं तर पुन्हा मुखापाशी येऊन नव्याने सुरुवात करायची.

आता तारखेकडे येऊ. गाईचं ऋतुचक्र सरासरी २१ दिवसांचं, १८ ते २४ पर्यंत मागेपुढे. माजाच्या दिवशी गर्भाशय ताठर लागतं, हाताळलं की आणखी आकसतं, आणि एका अंडाशयावर पाण्याने भरलेला, गुळगुळीत, दीड सेंटीमीटरच्या आसपासचा फुगा लागतो. तो फुटला की त्या जागी पहिले काही दिवस नुसता मऊ खळगा. पाचव्या दिवसाच्या पुढे तिथेच पीतपिंड भरीव होतो, दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत वाढतो, आणि गर्भाशय मऊ, ढिलं पडतं. गर्भ राहिला नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवशी गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन नावाचं संप्रेरक सोडतं, पिंड विरघळतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. गर्भ असेल तर तो त्याच सुमाराला इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो आणि हे विरघळणं थांबवतो. काही मिलिमीटरचा गर्भ चार-पाच दिवसांत लांब धाग्यासारखा पसरतो तो याचसाठी, गर्भाशयाच्या जास्तीत जास्त अस्तरापर्यंत हा निरोप पोचावा म्हणून. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर ठिकाण हेच वाटतं. अजून वारेने नीट धरलेलंही नाही असं वासरू आईचं कॅलेंडर थांबवतं.

व्यवहारात याचा उपयोग रोज होतो. माज आणायचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन पाचव्या दिवसाच्या आधी दिलं तर काम करत नाही, कारण कोवळा पिंड त्याला दाद देत नाही. आणि गाभण गाईला चुकून दिलं तर गाभ पडतो. तारीख न विचारता ते टोचायचं नाही. तसंच, माजानंतर एक-दोन दिवसांनी, विशेषतः कालवडींत, थोडं रक्त दिसतं. मालक घाबरून फोन करतो की गाय उलटली, गर्भ गेला. त्याला शांतपणे सांगा की माज होऊन गेल्याची ती खूण आहे, गर्भ राहिला की नाही हे त्यावरून ठरत नाही. आणि न भरलेल्या गाईत ते रक्त दिसलं तर सुटलेल्या माजाची तारीख मिळाली असं समजा. पुढचा माज साधारण १९-२० दिवसांनी धरा आणि गोठ्याच्या भिंतीवर लिहून या.

माज ओळखणं हे निम्मं शास्त्र गोठ्यातच शिकायला मिळतं, आणि शिकवणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते. धार तीच काढते, वैरण तीच टाकते. विचारताना अदबीने, नेमकं विचारायचं. "काकू, कधीपासून हंबरतीय?" उत्तर येतं, "काल दिवेलागणीला वैरणीला तोंड लावलं न्हाई बघा मॅडम, धारंला पान्हा चोरला. आन् आज सकाळच्याला सोट टाकलाय." या एवढ्या बोलण्यात सगळा हिशोब आहे. माज काल संध्याकाळी सुरू झाला. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि स्त्रीबीज सुटतं ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी. शुक्राणू आत गेल्यावर लगेच फलनक्षम नसतात, त्यांना काही तास लागतात, आणि ते जगतात सुमारे दिवसभर. बीजाचं आयुष्य त्याहून कमी. म्हणून संध्याकाळी दिसलेला माज सकाळी भरायचा आणि सकाळचा संध्याकाळी. सोट, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पू किंवा दह्यासारखे कण दिसले तर रेतन न करता आधी गर्भाशयाचा उपचार करा, मालक कितीही आग्रह करो.

म्हशीचं वेगळं. तिचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर फारच. एकमेकींवर चढणं कमी, सोट लोंबत नाही, बसल्यावर जमिनीवर पडतो, आणि पुष्कळदा रात्री किंवा पहाटे. वारंवार थोडं थोडं मुतणं आणि दूध अचानक घटणं यावर लक्ष ठेवायला सांगा. पंढरपुरी म्हशींच्या गोठ्यात पहाटे पाचला एक चक्कर मारणारा मालक दुपारी दहा चकरा मारणाऱ्यापेक्षा जास्त माज पकडतो.

प्रत्यक्ष रेतनाबद्दल थोडंच सांगते, कारण ते हाताला हात लावूनच शिकायचं. रेतकांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, द्रवरूप नत्रात (नायट्रोजनमध्ये) उणे १९६ अंशांवर असते. बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, पुसून कोरडी, मग गनमध्ये. कॅनिस्टर (कांड्या ठेवलेला डबा) कंटेनरच्या मानेच्या वर उचलून कांड्या शोधत बसू नका. न वापरलेल्या कांड्यांचं नुकसान तिथेच होतं आणि ते कुणाला दिसत नाही. गन योनीत शिरताना टोक थोडं वर धरा, कारण खालच्या बाजूला मूत्रमार्गाचं तोंड आणि एक आंधळी पिशवी असते. मुख गनवर ओढून घ्यायचं, गन मुखात ढकलायची नाही. शेवटची कडी ओलांडली की लगेच थांबा आणि सावकाश सोडा. आणि गाय आधी भरलेली असून पुन्हा माज दाखवत असेल तर मुखाच्या मध्यावरच थांबा. काही गाभण गाईही माजासारखं वागतात, आणि गन आत गेली तर गाभ जातो.

गर्भतपासणीत घाईने "गाभण आहे" म्हणण्याचा मोह होतो, कारण सगळ्यांचे चेहरे तेच ऐकायला आसुसलेले असतात. साधारण दोन महिन्यांपासून हाताने खात्रीने सांगता येतं. सोनोग्राफीने महिनाभरात. एक शिंग दुसऱ्यापेक्षा मोठं आणि पाण्याने भरलेलं लागणं एवढ्यावर निर्णय देऊ नका. पू साठलेलं गर्भाशयही तसंच लागतं, आणि भरलेलं मूत्राशय नवख्या हाताला हमखास फसवतं. खात्रीच्या खुणा चारच: बोटांतून निसटणारं गर्भावरण, गर्भाची पाण्याची पिशवी, वारेची बटणं आणि खुद्द गर्भ. चौथ्या महिन्यात गर्भाशयाच्या रोहिणीत एक झणझण लागते. ती एकदा बोटाला ओळखीची झाली की पुढे शोधावी लागत नाही. इथेही मालकाची तारीख आणि तुमचा हात जुळले पाहिजेत. तो म्हणतो तीन महिने आणि हाताला पाच लागतात, तर आधीच्या कुठल्या तरी रेतनाची नोंद चुकली आहे, ती तिथेच दुरुस्त करा. नाहीतर गाय २८० आणि म्हैस ३१० दिवस धरून काढलेली विण्याची तारीख चुकते आणि आटवणंही (विण्याआधी दूध काढणं बंद करणं) चुकतं.

वळूकडे विद्यार्थी फारसं लक्ष देत नाहीत, आणि मला ते खटकतं. वृषणाचं तापमान शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी कमी राहावं म्हणून तिथे रक्तवाहिन्यांची एक गुंतागुंतीची जाळी असते. येणारं गरम रक्त जाणाऱ्या थंड रक्ताला लगटून निवतं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, वर अधिवृषणातला (वृषणाला चिकटलेल्या, शुक्राणू पक्व होतात त्या नळीतला) आठवडा-दहा दिवसांचा प्रवास. म्हणजे खिल्लार वळूला आज ताप आला तर वीर्य बिघडलेलं दिसेल ते पुढच्या काही आठवड्यांत, आणि सुधारेल दोन-अडीच महिन्यांनी. गावात गाई अचानक उलटायला लागल्या तर वळूला गेल्या दोन-तीन महिन्यांत काय झालं होतं ते विचारा. एकाच महिन्यात तपासून त्याला नापास करू नका.

इतर प्राण्यांसाठी एक युक्ती. गर्भाशयमुख बघा, म्हणजे त्या प्राण्यातलं रेतन असं का करतात ते कळतं. शेळीच्या गुदाशयात हात जात नाही, म्हणून मुख पकडता येत नाही आणि दर्शक नळी व उजेड लागतो. डुकरिणीचं मुख मळसूत्री, वराहाचं लिंगही तसंच, म्हणून तिथली नळीही मळसूत्री टोकाची. घोडीचं मुख माजात इतकं सैल पडतं की बोट सहज आत जातं. आणि कोंबडीत डावंच अंडाशय, डावीच अंडवाहिनी वाढलेली असते. अंडं तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात आणि त्यातले वीसेक नुसत्या कवचाचे.

मार्गांबद्दल. डॉक्टर व्हायचं तर बारावीनंतर नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची पदवी. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली नागपूर, परळ, परभणी, उदगीर, शिरवळ इथे महाविद्यालयं आहेत. परळचं १८८६ सालचं. फक्त रेतनाचं काम करायचं असेल तर केंद्र सरकारच्या मैत्री योजनेखाली साधारण तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या बाएफ या संस्थेनेही गोठ्यापर्यंत जाऊन रेतन करणारी माणसं पिढ्यांपिढ्या घडवली आहेत. त्यांच्याबरोबर काही दिवस मोटारसायकलवर फिरायला मिळालं तर सोडू नका. त्यांच्या हाताला जे कळतं ते पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही सहज येत नाही. लिंगनिर्धारित रेताबद्दल (कालवडीच व्हाव्यात म्हणून शुक्राणू निवडून भरलेल्या कांड्यांबद्दल) शेतकरी पहिल्याच भेटीत विचारतील. सुमारे ९० टक्के कालवडी होतात, पण कांडीत शुक्राणू खूप कमी असतात, म्हणून ते निरोगी, ठळक माजावर आलेल्या कालवडीतच वापरा. उलटणाऱ्या गाईवर ते पैसे घालवू देऊ नका.

शेवटी स्वतःच्या अंगाबद्दल, विशेषतः मुलींसाठी. प्रोस्टाग्लँडिन त्वचेतून शोषलं जातं. गरोदर असाल किंवा दमा असेल तर ते हाताळू नका, आणि हे वरिष्ठांना स्पष्ट सांगा, यात संकोच कसला. गाभ पडलेल्या किंवा वार अडकलेल्या गाईत उघडा हात कधीच घालू नका. ब्रुसेलोसिस माणसाला होतो, ताप महिनोन्महिने येत राहतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना त्याची लस देतात. ती जिवंत जंतूंची असते. सुई स्वतःला टोचली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर भरपूर पाण्याने धुऊन त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा आणि लसीची बाटली बरोबर न्या.