कागदी अंतराळयानं करताना या चुका टाळा: मॉडेल डिंकाच्या आधीच बिघडतं

कागदाचं अंतराळयान वाकडं झालं की लोक पहिला दोष स्वतःच्या हाताला देतात आणि दुसरा डिंकाला. मी जी बिघडलेली यानं हातात घेऊन पाहिली आहेत, त्यांतली बरीचशी डिंकाची बाटली उघडण्याआधीच बिघडलेली होती. अशा यानाचे भाग डिझायनरच्या फाइलमधून कागदावर छापून, कापून, दुमडून चिकटवायचे असतात. कुणी छपाईत घोळ केला होता, कुणी घडीची रेघ न दाबताच कागद दुमडला होता, कुणी भाग एकमेकांत बसतात का ते पाहिलंच नव्हतं. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

उदाहरणाला ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८च्या चित्रपटातलं डिस्कव्हरी घेऊ. पुढे गोल, त्याला कण्याशी जोडणारी मान, मध्ये लांबलचक कणा, मागे इंजिनं. चित्रीकरणासाठी केलेलं त्याचं मोठं मॉडेल ५४ फूट लांब होतं आणि त्याचा गोल ६ फुटांचा. म्हणजे ६ सेंटिमीटरचा गोल केलात तर यान ५४ सेंटिमीटरचं होतं, टेबलावर आरामात मावतं. गोल, नळी, लांब कणा, सपाट बाजू, कागदकामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका यानात भेटतात.

‘फिट टू पेज’

म्हणजे पान कागदात मावावं म्हणून प्रिंटरला ते लहान-मोठं करू देणं. ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, कारण ती टाळायला अर्धा मिनिट लागतो.

आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा रात्री डिस्कव्हरी पिशवीत घालून माझ्याकडे आला. “मावशी, गोलाच्या आतली चकती बसतच नव्हती, म्हणून कातरीने जरा कमी केली. आता मानेचं कडं बसत नाहीये.” गोलाच्या आत, बरोबर मधोमध, आधारासाठी ६० मिलिमीटरची चकती द्यायची होती. त्याने ती सगळीकडून छाटली होती, तीही डोळ्यांच्या अंदाजाने, त्यामुळे ती धड गोलही राहिली नव्हती. त्यावर गोल चिकटवलेला, गोलाला मान चिकटवलेली, आणि मानेपुढचा कणा एका बाजूला झुकलेला. पोराची कापणी सुरेख होती. इतक्या सुबक खिडक्या मी थोड्याच नवशिक्यांच्या पाहिल्या आहेत.

मी त्याला उरलेले कागद आणायला सांगितले. बरेच डिझायनर पानाच्या कोपऱ्यात मोजमापाची १० सेंटिमीटरची रेघ देतात. गोलाच्या पानावरच्या त्या रेघेवर स्टीलची पट्टी ठेवली, तर ती ९७ मिलिमीटर भरली. चकतीच्या पानावरची रेघ मात्र बरोबर १०० होती. गोलाचं पान त्याने घरच्या प्रिंटरवर काढलं होतं आणि बाकीची पानं झेरॉक्सच्या दुकानातून. फाइल अमेरिकेत केलेली, म्हणजे लेटर आकाराची, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. रुंदी मावत नाही म्हटल्यावर घरच्या प्रिंटरने न विचारता सगळं पान ९७ टक्क्यांवर आणलं. गोल झाला ५८ मिलिमीटरचा आणि त्याच्या पोटात ६०ची चकती घालायची! तीन टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण ५४ सेंटिमीटरच्या यानात तो दीड सेंटिमीटरहून जास्त होतो.

त्याचं खरं नुकसान छपाईने केलं नाही. भाग बसत नाही हे दिसल्यावर त्याने कातर उचलली, तिथे ते झालं. छापील भाग बसत नसेल तर आधी पट्टी उचला. डिझायनरने ते भाग संगणकावर जुळवलेले असतात. एका ठिकाणी छाटलंत की ती तूट पुढच्या प्रत्येक जोडात येत राहते.

माझी सवय अशी. छपाईच्या खिडकीत ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडते, फक्त एक पान काढते, त्यावरची रेघ मोजते आणि मगच बाकीची पानं सोडते. सगळी पानं एकाच प्रिंटरवर आणि एकाच गठ्ठ्यातल्या कागदावर. दुकानातून काढायची असतील तर आपला कागद घेऊन जायचं आणि पहिलं पान काउंटरवरच मोजायचं. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू दे. यान आपल्याला करायचंय.

कागद

ऑफिसचा ७५-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद यानाच्या अंगाला चालत नाही, लिबलिबतो. १६० ते २०० जीएसएमचं कार्ड घ्या. पण तेच कार्ड तीन-चार मिलिमीटरच्या नळ्यांना वापरू नका. ते तेवढं वळत नाही, तुटतं. बारीक भागांची पानं मी १०० ते १२०च्या कागदावर वेगळी काढते.

कागदातले तंतू एका दिशेला लागलेले असतात, हे नवशिक्यांना कुणी सांगत नाही. कोरं पान हातात धरून आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवून पाहा. एका बाजूला ते सहज वळतं, दुसऱ्या बाजूला हट्ट करतं. नळी नेहमी सहज वळणाऱ्या बाजूने वळवायची. उलट्या बाजूने वळवलेल्या नळीवर जागोजागी चिरा दिसतात, आणि मग लोक कागदाला नावं ठेवतात.

घडी, कातर, ब्लेड

घडीच्या रेघेवर आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने दाब द्या आणि मगच दुमडा. न दाबता दुमडलेली कड कधीही सरळ येत नाही. लेझर प्रिंटरचा टोनर घडीवर तडकून पांढरी रेघ दिसते. तिथे त्याच रंगाची पेन्सिल फिरवा.

कातर मोठ्या वळणांपुरतीच. बाकी सगळं ब्लेडने. सर्जिकल सामानाच्या दुकानात ११ नंबरचं ब्लेड आणि त्याला बसणारं ३ नंबरचं हँडल स्वस्तात मिळतं, आणि कागदासाठी त्याहून चांगलं हत्यार मला माहीत नाही. खाली कटिंग मॅट, बाजूला स्टीलची पट्टी. ब्लेडने कागद ओढायला सुरुवात केली की ते बदला. बोथट ब्लेडवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेलं ब्लेड बोटावर घसरतं. लहान मुलं सोबत असतील तर कापणी मोठ्यांनीच करावी.

गोल

सपाट कागद न ताणता, न चुरगाळता गोलावर बसत नाही. गाउसने १८२७ साली हे गणितानेच सिद्ध केलं. नळी होते, शंकू होतो, गोल होत नाही. म्हणून कागदी गोल एक तर उभ्या फाकींचा करतात, नाहीतर एकावर एक बसवलेल्या छाटलेल्या शंकूंचा. डिस्कव्हरीचा ६ सेंटिमीटरचा गोल १२ फाकींचा धरला, तर प्रत्येक फाक पोटाशी जेमतेम १५.७ मिलिमीटर रुंद येते आणि टोकापासून टोकापर्यंत साधारण ९४ मिलिमीटर लांब.

आता प्रत्येक फाक रेघेच्या बाहेरून, पाव मिलिमीटर जास्त कापली असं समजा. बारा फाकींचे मिळून ३ मिलिमीटर झाले. परीघ ३ मिलिमीटरनी वाढला आणि व्यास जवळजवळ १ मिलिमीटरने. आतली चकती सैल, मानेचं कडं सैल. म्हणून कापायचं ते रेघेच्या मधून. रेघ निम्मी इकडे, निम्मी तिकडे.

दुसरी घाई म्हणजे सपाट फाकी तशाच चिकटवायच्या आणि गोल आपोआप फुगेल अशी आशा धरायची. तो फुगत नाही, त्याला कोपरे येतात. प्रत्येक फाक तळहातावर पालथी, म्हणजे छपाई खाली करून ठेवा आणि चमच्याच्या पाठीने मधोमध हळूहळू घोळवा. ती स्वतःहून वाकून राहायला लागली की झालं. फाकीची टोकं शेवटी एका बिंदूत येतात आणि तिथे हमखास घोळ होतो. तिथे छोटी चकती झाकण म्हणून लावायची असते. ती फाइलमध्ये नसली तर मी स्वतः कापून लावते.

डिंक आणि घाई

यूट्यूबवरच्या व्हिडिओत यान दहा मिनिटांत उभं राहतं, कारण तो व्हिडिओ पळवलेला असतो. त्यामागे गेलेल्या संध्याकाळी दिसत नाहीत. ते पाहून बसलेला माणूस टॅबवर, म्हणजे चिकटवायला ठेवलेल्या कडेच्या पट्टीवर, डिंकाचा ओघळ सोडतो, जोड सुटला की आणखी डिंक घालतो आणि बोटाने दाबून धरून चुळबुळ करत बसतो. पांढऱ्या डिंकात पाणी असतं. पाणी कागदात जिरलं की तंतू फुगतात, आणि सुकताना तो भाग वेडावाकडा ओढला जातो. डिंक जास्त असेल तर सुकायला वेळही जास्त लागतो, म्हणजे घाई करणाऱ्याचाच वेळ वाया जातो.

बाटलीचं तोंड कागदाला लावूच नका. फेव्हिकॉलचे दोन-चार थेंब प्लॅस्टिकच्या झाकणावर काढा, थोडे घट्ट होऊ द्या, टूथपिकने टॅबवर पातळ थर ओढा. एवढा पातळ, की दाबल्यावर कडेतून काही बाहेर येता कामा नये. मग चिमट्याने धरायचं आणि मनात वीस आकडे मोजायचे. एका भागाचे दोन टॅब एकदम चिकटवायचे नाहीत. एक धरला, सुकला, मग पुढचा. इंकजेटच्या बऱ्याच शाया पाण्याने पसरतात, म्हणून पानं छापून पूर्ण सुकली की कापायच्या आधी त्यांवर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन हलके हात मारा, गॅलरीत उभं राहून.

इन्स्टंट ग्लू आणि ग्लू गन दोन्ही लांब ठेवा. पहिला कागदात झिरपून काळपट डाग पाडतो, दुसरीचा गोळा जोडात अडकून बसतो आणि फट राहते. हे शॉर्टकट सुचवणारे लोक बहुधा यान लांबूनच दाखवतात.

डिंकाआधी कोरडी जुळणी करायची, हे मला वेगळं सांगावं लागतं याचंच नवल वाटतं. प्रत्येक भाग डिंकाशिवाय बसवून पाहायचा, प्रत्येक.

पांढऱ्या कडा

कापलेल्या कागदाची कड पांढरी असते. राखाडी यानावर या पांढऱ्या रेघा चार हातांवरून दिसतात आणि सगळी मेहनत शाळेच्या प्रकल्पासारखी वाटायला लागते. चिकटवण्याआधी प्रत्येक कडेवर राखाडी वॉटरकलर पेन्सिल फिरवा. मार्कर नको, तो छपाईच्या बाजूला झिरपतो. छपाईचा राखाडी कधी निळसर असतो, कधी तपकिरी, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर आधी करून पाहा. या एका कामाने मॉडेल जेवढं सुधारतं तेवढं दुसऱ्या कशाने सुधारत नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि सगळ्यांत जास्त कंटाळाही याचाच करतात.

पहिलंच यान मिलेनियम फाल्कन

‘स्टार वॉर्स’मधलं हे यान पहिल्यांदाच नको. चित्रपटांसाठी अशी यानं करणाऱ्या कारागिरांनी प्लॅस्टिकच्या रणगाड्यांचे आणि विमानांचे किट फोडून त्यांचे बारीक भाग पृष्ठभागावर लावले होते. त्या गर्दीमुळेच ती यानं प्रचंड वाटतात. कागदात तेवढे भाग करायचे म्हणजे शेकडो तुकडे. नवशिका ते आधी कापून डबीत भरतो, निम्मे हरवतो आणि बाकीचे कुठे लावायचे ते विसरतो. आधी साधं, मोठ्या भागांचं यान करा. तुकडे लावायची वेळ येईल तेव्हा लागतील तेवढेच कापा आणि पाठीवर पेन्सिलने नंबर घाला.

‘स्टार वॉर्स’मधलाच स्टार डिस्ट्रॉयर त्रिकोणी दिसतो म्हणून सोपा समजू नका. मोठ्या सपाट बाजू आतून जाड पुठ्ठ्याच्या सांगाड्याशिवाय आठवड्याभरात पोक काढतात. पुठ्ठा चिकटवायला पाण्याचा डिंक नको, स्प्रे ग्लू घ्या, आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा.

कणा आणि पावसाळा

डिस्कव्हरीचा कणा नुसत्या कागदाचा ठेवलात तर पुढच्या गोलाने तो वाकतो. आतून सरळ बांबूची काडी किंवा जुन्या छत्रीची तार घाला, तीही कणा बंद करण्याआधी. स्टँड लावण्याआधी यान बोटावर तोलून पाहा. ते जिथे स्थिर राहतं तिथे आधार द्यायचा, मधोमध नव्हे.

जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत कार्ड उघडं ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या घालून झिपच्या पिशवीत ठेवा. दमट दिवशी कापलेला भाग कोरड्या दिवशी कापलेल्या भागाशी जुळत नाही, तेव्हा एका यानाची मुख्य कापणी सलग उरकलेली बरी. पूर्ण झालेलं यान खिडकीच्या उन्हात ठेवलंत तर इंकजेटचा रंग उडतो. काचेचं कपाट नसेल तर निदान उन्हापासून लांबची भिंत बघा, आणि धूळ कपड्याने न पुसता मऊ ब्रशने झाडा.