गावठी पिल्लू घरी आणण्याआधी

थंडीच्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांत जागोजागी कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात आणि घराघरात ‘एक आणू या ना’ सुरू होतं. आणा, जरूर आणा. पण आधी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा, की पुढची बारा-पंधरा वर्षं रोज सकाळी त्याला खाली कोण नेणार. ‘मुलं नेतील’ हे उत्तर धरू नका. दहावी-बारावी आली की ते मोडतं. मोठ्यांपैकी एकाने ही जबाबदारी अंगावर घ्यावी. कुणालाच झेपणार नसेल, तर बेत तिथेच थांबवावा. मे महिन्यात सगळे गावी गेले तर त्याला कोण बघणार, हेही त्याच बैठकीत ठरू द्या.

कुठल्या जातीचं आणायचं? माझं मत स्पष्ट आहे: गावठी. इथलं ऊन, इथली दमट हवा त्याला मानवते. हस्की किंवा सेंट बर्नार्ड थंड मुलखातले. नागपूरच्या मे महिन्यात त्यांचे हाल होतात. पगचं नाक इतकं चपटं, की उकाड्यात त्याला श्वास पुरत नाही. आपल्याकडचा कारवानी देखणा आणि चपळ, पण तो सशामागे धावणारा शिकारी कुत्रा, त्याला मोकळं रान हवं.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. चावताना किती जोर लावायचा, हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकतं. आई दिसत असेल तर तिचा स्वभाव बघा. पिल्लाचे डोळे स्वच्छ हवेत, हिरड्या गुलाबी. पोट टम्म फुगलेलं असेल तर बहुधा जंत असतात, आणि ते औषधाने जातात.

डॉक्टर आधी शोधा, पिल्लू नंतर. रात्री-अपरात्री कुठे जायचं, तेही विचारून ठेवा. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो, डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांच्या लसी सुरू होतात आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्याव्या लागतात. रेबीजची तीन महिन्यांनंतर. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडू नका. उलट्या आणि रक्ताचे जुलाब दिसले तर सकाळची वाट बघू नका.

पण म्हणून त्याला घरात कोंडूही नका. इथेच बहुतेक घरं चुकतात. तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, त्याची भीती पुढे कमी राहते. त्याला कडेवर घेऊन रिक्षा, शाळा सुटल्याचा गोंगाट, वॉचमनकाका, छत्री उघडणारा माणूस, सगळं लांबून दाखवा. घरात कुकरची शिट्टी होताना हातावर खाऊ द्या. घाबरलं तर ओढू नका, मागे या. पुढे मोठेपणी माणसांवर धावून जाणाऱ्या कितीतरी कुत्र्यांना हे दिवस मिळालेलेच नसतात.

घरात उंदराचं विष असेल तर काढून टाका. माणसांच्या गोळ्या, चॉकलेट, मनुका, कांदा-लसूण त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. म्हणजे उरलेला रस्सा-भातही नाही. शिजवलेली हाडं फुटून आतडं फाडू शकतात. गॅलरीच्या गजांतून डोकं जात असेल तर जाळी मारा. शू-शीसाठी झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या आणि जमलं की तिथल्या तिथे शाबासकी द्या. नाक घासणं, मारणं अजिबात नको. त्याने पिल्लू लपून करायला शिकतं.

पुण्या-मुंबईत महापालिकेचा परवाना लागतो, त्यासाठी रेबीज लसीचा दाखला जपून ठेवा. सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 च्या परिपत्रकात सांगितलं आहे. तरी शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या.

आणायची तारीख दिवाळीच्या फटाक्यांपासून लांबची धरा, आणि पहिला आठवडा घरात एक तरी मोठं माणूस दिवसभर असेल अशी रजा टाका.